जोखमीची वाटणी : म्हैसूरच्या शेतीचा जुना हिशेब

श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रात रंगनथिट्टूची बेटे आहेत. विणीच्या हंगामात चित्रबलाक, चमचे, बगळे आणि पाणकावळे यांनी तिथली झाडे भरून जातात. म्हैसूरला जाणारा प्रवासी ही जागा निसर्गाची देणगी म्हणून पाहतो. पण ती बेटे घडली पाटबंधाऱ्याच्या कामातून. १६४५ ते १६४८ या काळात कंठीरव नरसराज वडियार यांनी नदीवर बंधारा घातला, वरच्या बाजूला पाणी चढले आणि पात्रातले खडकाळ उंचवटे बेटे होऊन राहिले. १९४० मध्ये मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या आग्रहावरून म्हैसूर दरबाराने त्याचे अभयारण्य केले, आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळांच्या यादीत त्याची भर पडली. अभयारण्याचे क्षेत्र मात्र सत्तर हेक्टरही भरत नाही. एवढ्या जागेत घरटी मावतात, पोटे भरत नाहीत. मुग्धबलाक गोगलगायी टिपायला भातखाचरांत उतरतो, बगळे पाटांच्या कडेने आणि नांगरामागे हिंडतात, चित्रबलाक आसपासच्या तळ्यांतले मासे आणतात. पाखरांचा संसार अभयारण्यात आहे, पण त्यांचे कोठार शेतकऱ्याच्या रानात आहे. शेती, वन्यजीव आणि बदलते हवामान यांच्यात 'समतोल' साधा, असे आज सांगितले जाते, तेव्हा ही तीन वेगळी खाती असून एकातले काढून दुसऱ्यात भरायचे आहे, असे गृहीत धरलेले असते. म्हैसूरचा इतिहास निराळे सांगतो. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याने पावसाची जोखीम अनेक पिकांवर, अनेक प्रकारच्या जमिनींवर आणि अनेक हंगामांवर वाटून ठेवली होती. रानातली जैवविविधता ही त्या वाटणीतून आपोआप आलेली उपज होती. ती जोखीम एका पिकावर आणि एका धरणावर येऊन बसली, तेव्हाच ही तीन खाती एकमेकांपासून सुटी झाली.

या वाटणीचा लेखी पुरावा परक्या माणसाने ठेवला आहे. टिपू पडल्यानंतर वर्षभराने, १८०० मध्ये, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकुमाने फ्रान्सिस बुकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मद्रासहून म्हैसूर मुलखात शिरला. जिंकलेल्या प्रदेशात काय पिकते आणि त्यातून किती सारा निघेल, हे पाहण्याचे त्याचे काम. त्याचे तीन खंडांचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये छापले गेले. हेतू कंपनीचा असला तरी नजर बारकाईची होती, आणि नाचणीच्या रानात ओळीओळींनी पेरलेले अवरे आणि तूर त्याने तपशिलाने टिपले. अवरे म्हणजे आपल्या वालाचा भाऊबंद. या पद्धतीला कन्नड शेतकरी 'अक्कडी' म्हणतो. आपल्या तिफणीच्या जातीचे, पण जास्त फणांचे औत नाचणी पेरत पुढे जाते आणि मागे बांधलेल्या बांबूच्या मोघणातून ठरावीक अंतराने दुसरे बी पडत राहते : कुठे अवरे, कुठे तूर, कुठे चवळी, मोहरी, कारळे, कडेला एरंड नाहीतर ज्वारीची ताटे. वरून गबाळा वाटणारा हा कारभार हिशेबी आहे. नाचणीची मुळे तंतूंसारखी वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खाली जाते. दोघी एकाच घागरीतले पाणी पीत नाहीत. नाचणी कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास कापली जाते, तोवर अवऱ्याचा वेल दबून असतो. दिवस लहान झाले आणि दव पडू लागले की मोकळ्या झालेल्या रानात तो पसरतो आणि शेंगांनी लगडतो. कारळ्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात, ज्वारीच्या ताटांवर बसणारी पाखरे अळ्या वेचतात. जूनचा पाऊस लांबला तर नाचणी मार खाते पण तूर हाती लागते. परतीचा चुकला तर तुरीचे नुकसान होते पण नाचणीचा दाणा भरलेला असतो. आपल्या आणेवारीच्या भाषेत सांगायचे तर कुठलेच पीक सोळा आणे येत नाही, पण सगळे रान एकदम चार आण्यांवर जाण्याची भीतीही कमी होते.

हीच वाटणी शेताच्या बांधापलीकडे गावाच्या शिवारभर पसरलेली होती. वर्षाला पाऊण मीटरच्या आसपास पाऊस, तोही वळवाचा, मोसमी आणि परतीचा अशा हप्त्यांनी येणारा. जमीन लाटांसारखी चढउताराची. माथ्यावर गायरान आणि झुडपी रान, उतारावर नाचणीची कोरडी शेते, खोलगटात तळे आणि तळ्याच्या खाली भात, अशी ती रचना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूर राज्यात ३८ हजारांच्या आसपास तळी मोजली गेली. राज्याचे मुख्य अभियंते सँकी यांनी तर या मुलखात नव्या तळ्यासाठी जागा हुडकायला डोके लढवावे लागेल, अशा अर्थाचा शेरा मारला. एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात उतरे, गाळ उन्हाळ्यात शेतात जाई, आणि बांधावरच्या करंजाचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून तुडवला जाई. पाण्याच्या पाळ्या नीरगंटी पाहत असे. खानदेशात पांझरेवरच्या फड पद्धतीत जे काम पाटकऱ्याचे, तेच इथे त्याचे. माथ्यावरच्या गायरानांतली सर्वांत मोठी म्हणजे 'कावल'. चिक्कदेवराज वडियारांच्या काळात सरकारी खिल्लारांची व्यवस्था सुरू झाली आणि टिपूने तिला अमृतमहाल हे नाव दिले. तोफा ओढणाऱ्या बैलांसाठी राखलेली ही कुरणे उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी अशी हंगामानुसार विभागलेली होती. आपल्या माणदेशातला खिल्लार बैलही पशुतज्ज्ञ म्हैसूर गटातच मोडतात, म्हणजे या कुरणांचे नाते थेट पंढरपूरच्या बाजारापर्यंत येते. सरकारला हवा होता बैल. पण त्यासाठी नांगराविना राहिलेल्या लाखो एकरांवर काळवीट आणि माळढोक जगले.

इथे पहिला आणि सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. ही वाटणी इतकी शहाणपणाची होती, तर १८७६-७८ च्या दुष्काळात म्हैसूर का कोलमडले? १८७१ च्या खानेसुमारीत राज्याची लोकसंख्या साडेपन्नास लाखांच्या घरात होती. १८८१ मध्ये ती ४२ लाखांच्याही किंचित खाली आली. दहा वर्षांची नैसर्गिक वाढ धरली तर तूट याहून मोठी. या आकड्यांपुढे जुन्या शेतीचे गोडवे गाणे अश्लाघ्य ठरेल. पण हे आकडे नेमके काय सिद्ध करतात, हेही पाहिले पाहिजे. मिश्र पेरणी पावसाचा एक हप्ता चुकला तर तारते. ओळीने पावसाळे फसले तर तिच्याही हाती काही उरत नाही. अशा वेळी साठा लागतो. नाचणीला सहसा कीड लागत नाही, म्हणून ती जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षे टिकते, आणि दक्षिण म्हैसूरच्या कोरडवाहू गावांची खरी शिल्लक या पेवांत होती. ती शिल्लक दुष्काळाच्या पहिल्याच टप्प्यात संपली. राज्य तेव्हा ब्रिटिश कमिशनरांच्या ताब्यात होते, सारा रोखीने भरायचा होता, धान्याचा भाव गरिबाच्या हाताबाहेर गेला आणि मदतकार्य उशिरा व तुटपुंजे सुरू झाले. आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. तळ्याची दुरुस्ती, गाळ काढणे, राखण ही कामे गावाने 'आपखुशीने' केली, असे आपण म्हणतो. त्यांतली कितीतरी बलुत्याच्या आणि वेठीच्या जोरावर होत होती. नीरगंटी अनेक गावांत दलित होता आणि बहुधा त्याच्या स्वतःच्या नावावर तळ्याखालची ओलिताची जमीन नसे. म्हणजे जोखीम पिकांत वाटलेली होती, माणसांत ती समान वाटलेली नव्हती. दुष्काळाने मारले ते मुख्यतः जमीन नसलेल्यांना आणि थोडी असलेल्यांना. तेव्हा दुष्काळाचा धडा असा निघतो की पिकांचे वैविध्य आवश्यक होते, पण त्याच्या पाठीशी धान्यसाठा, सूट आणि मजुरी देणारे सरकार नसेल तर ते अपुरे होते.

सरकारने यातून दुसराच धडा घेतला : पावसावरची भिस्तच संपवायची. १९११ मध्ये कन्नंबाडीला कावेरीवर धरणाचे काम सुरू झाले. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते टी. आनंदराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर टी. माधवराव यांचे ते चिरंजीव. मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वीसहून अधिक वर्षे काढलेले विश्वेश्वरय्या दख्खनचे कालवे कोळून प्यायले होते. नीरा कालव्यावर त्यांनी पाहिले होते की पाणी आले की डोक्याकडची मोजकी गावे बारमाही ऊस घेतात, तिथल्या जमिनी पाणथळ होतात आणि शेपटाकडची गावे कोरडी राहतात. त्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली : गावोगावी ठरावीक गट पाडायचे आणि गटात ऊस, भात व हलक्या पाण्याची पिके फिरती ठेवायची. कन्नंबाडीच्या कालव्याखालीही याच धर्तीची फेरपालट अभिप्रेत होती. म्हणजे धरण बांधणाऱ्यालाही एकसुरी पिकाचा धोका पुरता माहीत होता. १९३१ च्या सुमारास हे धरण, म्हणजे कृष्णराजसागर, पुरे झाले, १९३३ मध्ये मंड्याला म्हैसूर शुगर कंपनी उभी राहिली आणि लाखाहून अधिक एकर भिजू लागले. कारखान्याला हप्त्याने, खात्रीने आणि करारावर ऊस हवा होता; कालव्याच्या कागदावरची फेरपालट त्या मागणीपुढे ढिली पडत गेली. पाणी आल्यावर पाटाच्या काठावरची नाचणी आणि तिच्या संगतीचे अवरे, कारळे, एरंड मागे हटले.

इथे दुसरा आक्षेप रास्तपणे येतो : मंड्याची सुबत्ता खोटी आहे का? मुळीच नाही. ज्या पट्ट्यात १८७७ मध्ये माणसे रस्त्यावर मेली, तिथे पुढच्या शतकात तशी उपासमार झाली नाही, आणि यात धरणाचा वाटा मोठा आहे. पण या सुबत्तेचा एक बारकावा स्कार्लेट एप्स्टाइन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टिपला. १९५४ ते १९५६ या काळात त्यांनी मंड्याजवळची दोन गावे अभ्यासली, एक कालव्याखालचे आणि दुसरे कालव्याच्या पातळीच्या वर राहिलेले, आणि १९६२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ओलिताचे गाव शेतीतच समृद्ध झाले आणि त्याची जुनी सामाजिक घडी फारशी विस्कटली नाही. कोरडे राहिलेले गाव मात्र पांगले : कुणी ओलिताच्या गावात जमीन घेतली, कुणी गिरणी घातली, कुणी गाड्या चालवल्या, कुणी मंड्यात नोकरी धरली. जोखीम वाटून ठेवण्याची कोरडवाहू सवय पिकांतून व्यवसायांत उतरली. ओलिताच्या गावाने मात्र आपली सगळी जोखीम कावेरीवर सोपवली होती. तो भरवसा किती पातळ आहे, हे प्रत्येक तुटीच्या वर्षी दिसते. कृष्णराजसागराची पूर्ण पातळी १२४.८० फूट; ती भरली नाही की मंड्यात रास्ता रोको होतो आणि तमिळनाडूशी भांडण पेटते. २०२३ मध्ये कर्नाटकाने २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले, तेव्हा धरणाखालचा ऊस उत्पादकही कोरडवाहू शेतकऱ्याइतकाच हवालदिल होता. त्याच्याकडे उसाच्या जोडीला उभे असे दुसरे काही नव्हते.

मग उत्पादन वाढवणे हेच विविधतेच्या मुळावर उठले, असे म्हणावे का? म्हैसूरचाच इतिहास या निष्कर्षाच्या आड येतो. राज्याच्या शेतकी खात्याचे कॅनडियन संचालक लेस्ली कोलमन यांनी १९१८ मध्ये एच-२२ हा नाचणीचा निवडक वाण दिला. पुढे मंड्याच्या विश्वेश्वरय्या कालवा प्रक्षेत्रावर सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाण तयार केले आणि कर्नाटकातली नाचणीची उत्पादकता दुपटीच्या घरात गेली. कोरडवाहू भरड धान्याने एवढी उडी मारली ती धरणाशिवाय. तिथे अवऱ्याची ओळ काढून टाकण्याची गरज नव्हती, कारण सुधारला होता दाणा. रानाची मांडणी तशीच राहू शकत होती. उलट बाजूने नंजनगूडचे रसबाळे केळे पाहा. राजघराण्याच्या पंगतीतले हे केळे इतके नावाजलेले की त्याला भौगोलिक निर्देशांकन मिळाले. पण पनामा मर रोग आला तेव्हा ते मोजक्या बागांपुरते उरले. केळ्याचा कंद लावून केळे वाढते, म्हणजे बागेतले प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या शेजारच्यासारखेच. रोगाला एक झाड सापडले की सगळी सापडली. याच मंड्या जिल्ह्यात किरुगावलूला सय्यद घनी खान यांनी भाताचे हजाराच्या घरातले वाण जिवंत ठेवले आहेत, ते हौसेपोटी आहेत असे समजणे चुकीचे होईल. उद्याच्या लक्ष्मणय्यांना संकरासाठी जो कच्चा माल लागेल, तो अशाच वाफ्यांतून येणार आहे.

विविधता शेतकऱ्याच्या लोभामुळे गेली, ही समजूतही कागदपत्रांत टिकत नाही. तिला सर्वांत जास्त धक्के नियमांनी दिले. १७९२ मध्ये टिपूने चंदन हे सरकारी झाड ठरवले आणि पुढच्या राजवटींनी ते तसेच ठेवले. शेतात चंदन उगवले तर राखण शेतकऱ्याची, जबाबदारी शेतकऱ्याची आणि मालकी सरकारची. मग बांधावरचे रोप हातभर होण्याआधीच उपटले जाणे स्वाभाविक होते. जमीनमालकाला त्याच्या चंदनाचा हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकाने केली ती २००१ मध्ये. आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी रयतेची झाडे तोडण्याबद्दल याच्या नेमकी उलट भूमिका आहे : रयतेने लेकरासारखे वाढवलेले झाड जबरदस्तीने तोडू नये, घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. दोन्ही राज्यांना लाकूड हवे होते. फरक एवढाच की एकाने मालकी हिसकावली आणि दुसऱ्याने किंमत मोजण्याचा नियम घातला.

किंमत मोजण्याचा हा नियम वन्यजीवांना लागू होतो का? मद्दूरजवळच्या कोक्करे बेळ्ळूरने त्याचे उत्तर दिले आहे. या गावात झोळीवाले आणि चित्रबलाक घरांच्या अंगणातल्या चिंचांवर घरटी करतात आणि खालची विष्ठा शेतात खत म्हणून जाते. चिंचेचा हंगाम आणि पिलांचा काळ एकच येतो, म्हणून फळ उतरवले की घरटी मोडतात. १९७६ मध्ये वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी ही वसाहत उजेडात आणली, त्यानंतर चिंच न उतरवणाऱ्या मालकांना वनखात्याने भरपाई देऊ केली. पुढे म्हैसूरच्या हौशी निसर्गप्रेमींची संस्था गावात काम करू लागली आणि २००७ मध्ये गावाला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. गाव श्रद्धेने पाखरे सांभाळते, हे खरे. पण फक्त श्रद्धेवर चिंचेचे उत्पन्न सोडायला सांगणे अन्यायाचे होते. तिसरा आक्षेप इथेच उपस्थित होतो. पाखरू चिंच अडवते, हत्ती मात्र रान तुडवतो. हेग्गडदेवनकोटे आणि गुंडलुपेट तालुक्यांत, नागरहोळे आणि बंडीपूरच्या सीमेवर एका रात्रीत वर्षाची नाचणी जाते आणि कधी माणूसही जातो. तिथल्या शेतकऱ्याला जैवविविधतेचे प्रवचन देणे निर्दयपणाचे आहे. खड्डे, कुंपणे, रेल्वेच्या रुळांचे अडसर हे उपाय हवेतच. पण चिंचेच्या उदाहरणातले तत्त्व इथेही बदलत नाही : जंगली जिवाचा खर्च ज्याच्या शेतावर पडतो, त्याला तो पूर्ण आणि वेळेवर परत मिळाला पाहिजे. म्हैसूरच्या इतिहासात जिथे हे घडले तिथे सहजीवन टिकले, जिथे घडले नाही तिथे सापळे आणि विजेच्या तारा आल्या.

आजचे धोरण नाचणीकडे वळले आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, केंद्राने त्या हंगामासाठी नाचणीला क्विंटलमागे ३,८४६ रुपये हमीभाव दिला, आणि दक्षिण कर्नाटकात शिधावाटपात नाचणी मिळते. दिशा बरोबर आहे, पण खरेदी केंद्राच्या काट्यावर फक्त नाचणी चढते. अवरे, कारळे, एरंड यांची तिथे दखल नाही. पीक विमाही अधिसूचित पिकाच्या नावाने निघतो. परिणामी अक्कडीचे रान सरकारी दफ्तरात दिसतच नाही आणि नुसती नाचणी पेरणारा शेतकरी कागदावर अधिक सोयीचा ठरतो. उसाच्या जागी एकसुरी नाचणी आली तर पाणी वाचेल, पण जोखीम पुन्हा एकाच दाण्यावर बसेल. दोनशे वर्षांच्या या हिशेबातून दोन मागण्या निघतात. पहिली, मदत पिकाला न देता पेरणीच्या मांडणीला द्यावी : रानात किती प्रकारची पिके, बांधावर किती झाडे, तळ्यात किती गाळ निघाला, हे मोजून. दुसरी, मिश्र पेरणीमुळे भरघोस वर्षात जे थोडे उत्पन्न हुकते, तो सगळ्या समाजाच्या विम्याचा हप्ता आहे, हे मान्य करावे. आतापर्यंत तो हप्ता कोरडवाहू शेतकरी एकटा भरत आला. कावेरीचे पाणी पिणाऱ्या बेंगळूरु आणि म्हैसूर या शहरांनी त्यातला आपला भाग उचलला, तरच शेती, पाखरे आणि पाऊस यांची तीन खाती पुन्हा एका वहीत येतील.